काळी, पांढरी आणि खालचा दगड



आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानत. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि घरेदारे असलेली गावठाणाची जमीन ती ‘पांढरी’. काळी पोसते आणि पांढरी सांभाळते, असा समज. या दोन शब्दांत सारे गाव मावत असे. पण या दोघींच्याही खाली जो दगड आहे, त्याला या हिशेबात कोणी जागा दिली नाही. विहीर खणताना तो लागतो तेव्हा त्याची आठवण होते. विहिरीला पाणी लागले की पुन्हा विसर पडतो.

माझे म्हणणे असे आहे, की सोलापूर जिल्ह्याचे जीवन या दगडाने घडवले आहे. त्याचे पीक, त्याची घरे, त्याचे उद्योग, इतकेच काय, त्याचे दुष्काळसुद्धा या दगडाच्या स्वभावाशी बांधलेले आहेत. आणि गेल्या पन्नास वर्षांत आपण या दगडाची ओळख करून न घेता त्याच्याकडे जे मागू लागलो आहोत, ते देण्याची त्याची ऐपत नाही. ज्याला आपण दुष्काळ म्हणतो, त्याचा बराचसा भाग आभाळातून येत नाही. आपण तो जमिनीतून खणून वर काढतो.

विधान कडक आहे. म्हणूनच ते माझ्या सांगण्यावरून मानू नका. पुढे काही आकडेमोड दिली आहे. ती वहीत स्वतः करून पाहा आणि मग ठरवा.

दगडाची कुळकथा

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवर डायनोसॉर नांदत होते त्या काळाच्या अखेरीस, भारताच्या या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस वर आला. एक लोट आला, पसरला, थिजला. काही काळ गेला, त्यावर दुसरा लोट आला. असे थरावर थर साचत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी झाकलेला आहे. त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून त्याला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. आपण शाळेत ज्याला बेसॉल्ट म्हणतो तो हाच खडक.

हे थर सगळीकडे सारख्या जाडीचे नाहीत. कोयनेच्या परिसरात विंधन छिद्रे घेतली, तेव्हा ते एक किलोमीटरच्या आसपास भरले. पूर्वेकडे, लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ते सुमारे ३३८ मीटरच निघाले.

आता एकेका थराची रचना पाहा, कारण पुढचा सारा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे. लाव्हाचा लोट थिजताना त्यातले वायू वर येतात. त्यामुळे थराचा वरचा भाग फेसाळ, बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला राहतो. खालचा भाग मात्र घट्ट व ठोस असतो. दोन थरांच्या मध्ये कित्येकदा गेरूसारखा तांबडा पट्टा सापडतो. विहिरी खणणाऱ्या वडार कारागिरांना हे भूशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होते. ठोस भागाला ते काळा पाषाण म्हणत, पोकळ्यांत पांढरे खनिज भरलेल्या भागाला मांजऱ्या म्हणत, आणि झिजून भुसभुशीत झालेल्या भागाला मुरूम. पहार मारली की आवाजावरून ते खडक ओळखत. पाणी कुठे लागेल आणि कुठे लागणार नाही, हे या तीन शब्दांत दडलेले आहे.

काळीचे देणे

ऊन, पाऊस आणि वारा यांनी हा बेसॉल्ट हजारो वर्षे कुजवला आणि त्याची काळी माती झाली. एक सेंटिमीटर जाडीची माती तयार होण्यास काही शतके लागतात. भीमा, सीना, माण या नद्यांच्या खोऱ्यांत ही माती वाहून येऊन साचली. काही ठिकाणी ती चांगली पुरुषभर खोल आहे. माळावर मात्र वीतभरही नाही.

या मातीत एका खास प्रकारचे चिकण कण असतात. ओल लागली की ते फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते, पावसात सारे फुगून एक होते, आणि अशा रीतीने ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते.

तिचा याहून मोठा गुण म्हणजे ती पाणी धरून ठेवते. एक मीटर खोल काळी माती पिकाला वापरता येईल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी साठवू शकते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्याला ०.२ मीटरने गुणा. २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर पाणी झाले. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर एका हेक्टराच्या मातीत २०० टँकर उभे आहेत! त्यांना ना भिंत लागते, ना दरवाजा, ना पंप. आणि मातीचा वरचा २० सेंटिमीटर थर वाहून गेला, तर त्यांतले ४० टँकर कायमचे गेले, हेही लक्षात ठेवा.

सोलापूर जिल्ह्यात पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर येतो. अशा ठिकाणी शेती कशी करायची? इथल्या शेतकऱ्याने शोधलेले उत्तर फार शहाणपणाचे होते. पावसाळ्यात भारी रान मोकळे ठेवायचे, त्याला पोटभर पाणी पिऊ द्यायचे, आणि पाऊस सरत आला की ज्वारी पेरायची. ढगांकडे न पाहता ज्वारी मातीतल्या ओलीवर वाढते. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते यामुळे. २०१६ साली तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. याच भागातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण आजही रब्बी ज्वारीत नाव राखून आहे.

ज्वारी म्हटली की भाकरी आली, तसा कडबाही आला. कडब्यावर बैल आले, बैलांवर शेती आली. जास्तीचे धान्य पेवांत, म्हणजे जमिनीत खोदलेल्या कोठारांत साठले. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लोकांना खुली केली, ही परंपरेने आलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. पण कोठारे खुली करायला ती आधी भरावी लागतात, आणि ती काळीने भरली होती. या मातीत कापूसही पिके. १८६० साली आगगाडी सोलापूरला पोचली आणि १८७७ साली शहरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या हातमागांनी शहराला चादरीचे नाव मिळवून दिले. या सगळ्याला आगगाडी, भांडवल, विणकरांचे कौशल्य अशी इतर कारणे होतीच. तरी पायाशी काळी होती, हे विसरून चालणार नाही.

कोरडवाहू शेतीचा शास्त्रीय अभ्यासही इथेच रुजला. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. पावसाचे किती पाणी वाहून जाते आणि त्याबरोबर किती माती जाते, हे देशात प्रथम मोजू लागलेल्या ठिकाणांपैकी ते एक होते. या विषयाच्या अभ्यासातून एक मासलेवाईक गोष्ट पुढे आली. उताराला आडवे घातलेले समपातळी बांध मुरमाड रानात छान टिकत; खोल काळ्या रानात मात्र बांधालाच भेगा पडत, पाणी तुंबे आणि बांध फुटत. बांधाची कल्पना चांगली होती, पण खालची जमीन निराळी होती. सरकारी कागदावर रान सारखे दिसले, तरी पाणी काही कागद वाचत नाही.

पांढरी: माणसाने रचलेला थर

पांढरीची मातीही पाहण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडली, पुन्हा बांधली. चुलीची राख, चुना, शेण, भिंतींची माती एकावर एक साचत गेली. त्यातून गावाखाली टेकाडे तयार झाली. म्हणजे पांढरी हा माणसाने रचलेला भूस्तर आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे अशाच पांढरीच्या टेकाडांतून प्राचीन नगराचे अवशेष मिळाले आहेत.

याहून जुनी साक्ष भीमेची उपनदी घोड हिच्या काठी, पुणे जिल्ह्यातील इनामगावला आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे वसलेल्या शेतकऱ्यांनी पाण्यासाठी पाटही खोदला होता. पुढे हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली, घरे लहान झाली आणि ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास वस्ती मोडली, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे. आपल्या खोऱ्यात पाण्याचा हिशेब चुकला की गाव उठते, हे आजचे नाही.

दगडाने घरेही दिली. सोलापूरचा भुईकोट किल्ला याच काळ्या पाषाणाचा आहे. या भागात झाडे थोडी, लाकूड महाग, म्हणून जाड दगडी भिंती आणि वर मातीचे माळवद अशी घरे झाली. उन्हाळ्यात ती गार राहत. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि अशाच घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. गोल गोट्यांच्या, मातीत रचलेल्या, दोन पदरी भिंती हादऱ्याने फाकल्या आणि वरच्या माळवदाचे वजन खाली आले. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठेवून दोन्ही पदर बांधून घेतले असते आणि माळवदावर दर वर्षी मातीचा नवा थर चढवला नसता, तर पुष्कळ जीव वाचले असते. दगड दोषी नव्हता. तो वापरण्याचे ज्ञान अपुरे होते.

दगड पाणी किती देतो?

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. गंगेच्या मैदानात जमिनीखाली वाळूचे जाड थर आहेत. त्यांत पाणी भरपूर मावते. आपला बेसॉल्ट तसा नाही. काळ्या पाषाणात पाणी मावतच नाही म्हटले तरी चालेल. ते राहते मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांत. मुरमाचे १०० बादल्या घनफळ घेतले, तर त्यातून विहिरीला मिळणारे पाणी जेमतेम दोन-तीन बादल्या भरते. वाळूच्या थरात हाच आकडा पंधरा-वीस बादल्यांपर्यंत जातो.

पाऊसही सगळा खाली उतरत नाही. बाष्पीभवन, पिके आणि ओढे आपापला वाटा घेतात. बेसॉल्टच्या प्रदेशात पावसाचा साधारण दहावा हिस्सा भूजलाला मिळतो असे धरू. ५५० मिलिमीटरचा दहावा हिस्सा म्हणजे ५५ मिलिमीटर. एका हेक्टरावर ते झाले ५५० घनमीटर. एक हेक्टर जमीन वर्षाला भूजलात एवढीच ठेव टाकते.

आता खर्चाची बाजू पाहा. उसाच्या पिकाला वर्षाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. मधला आकडा २,००० घ्या. पावसाचे ५०० वजा करा. उरलेले १,५०० मिलिमीटर बाहेरून द्यावे लागेल; एका हेक्टराला ते १५,००० घनमीटर होते. १५,००० भागिले ५५०: उत्तर २७ च्या वर येते. म्हणजे विहिरीच्या पाण्यावर एक हेक्टर ऊस उभा करणारा २७ हेक्टर जमिनीवर पडलेल्या पावसाचा भूजलातील वाटा एकटा वापरतो. ठिबक सिंचनाने एक-तृतीयांश पाणी वाचले, तरी १८ हेक्टर होतातच. दिलेल्या पाण्यातले थोडे परत झिरपते, हे खरे. तेवढी सूट द्या. तरीही उत्तराचे वळण बदलत नाही.

याच १५,००० घनमीटरांतून ज्वारीला ऐन मोक्याला ६० मिलिमीटरची एक पाळी द्यायची ठरवली, तर २५ हेक्टरांचे पीक तगते.

साधी विहीर होती तोवर दगडच आपल्याला आवर घालत होता. दहा-पंधरा मीटरवर काळा पाषाण लागे, पहार थांबे. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन यंत्रे गावोगाव पोचली आणि तो आवर सुटला. त्याच वर्षी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली, पण यंत्रांचा वेग अभ्यासाच्या वेगापेक्षा जास्त होता. खोल बोअर खालच्या भेगांतले जुने पाणी उपसते. वरच्या मुरमातले पाणीही त्या छिद्रातून खाली उतरते आणि शेजारची जुनी विहीर आटते. ज्याचे बोअर खोल, त्याचे पाणी, असा नवा न्याय सुरू झाला. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना शेती व उद्योगांसाठी आळा घालण्याची तरतूद केली. कायदा झाला, खडकाचा हिशेब मात्र गावात पोचला नाही.

जुनी माणसे सांगतात, की १९७२ साली बाजारात धान्य नव्हते, पण पिण्यापुरते पाणी विहिरीत होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. तेव्हा दुकानांत धान्य होते. या दोन दुष्काळांतला फरक विचार करण्यासारखा आहे.

मग दोष शेतकऱ्याचा का?

इथे कोणी विचारील, की ऊस लावणारा शेतकरी काय मूर्ख आहे? मुळीच नाही. उसाला कारखाना ठरलेला, गिऱ्हाईक ठरलेले, किमान भाव ठरलेला. सोलापूर राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. ज्वारीला अशी हमी नाही. रात्री राखण करून, काढणी-मळणी करून हाती भाव काय येईल, याचा भरवसा नसतो. मुलीच्या लग्नाचे आणि मुलाच्या शिक्षणाचे पैसे ज्या पिकातून सुटतात, ते पीक माणूस घेणारच. म्हणून उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही. ज्वारीला, करडईला, हरभऱ्याला उसासारखे हमखास गिऱ्हाईक मिळाले पाहिजे. ही समाजाची जबाबदारी आहे. शहरात बसून भाकरी खाणाऱ्याचीही आहे.

दुसरा आक्षेप असा, की ऊस उजनीच्या पाण्यावर आहे, भूजलाचा संबंध काय? आक्षेप अर्धा बरोबर आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टी.एम.सी. आहे आणि एक टी.एम.सी. म्हणजे २,८३१ कोटी लिटर. यातले पाणी बरेचसे सह्याद्रीच्या पावसाचे. परंतु एकूण साठ्यातला अर्ध्याहून अधिक भाग मृत साठा आहे. पठार सपाट, म्हणून जलाशय उथळ आणि पसरट. ऊन त्यातले पुष्कळ पाणी उडवून नेते. शिवाय कालवा जिथे पोचत नाही, तिथेही ऊस पोचला आहे, तो विहिरी आणि बोअर यांच्या बळावर. आणि कालव्याच्या पाण्याचाही एक धोका आहे. काळी माती पाणी धरते, पण सहजी सोडत नाही. तिला गरजेपेक्षा जास्त पाणी पाजले की खालचे क्षार वर येतात, जमीन खारवट होते, पुढे चोपण बनते. हजारो वर्षांत झालेली काळी दहा-वीस वर्षांत निकामी होऊ शकते.

माणसाचा हात भूगर्भापर्यंत कसा पोचतो, याचे आणखी ठळक उदाहरण कोयनेचे आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी कोयना जलाशय भरू लागला आणि परिसरात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. धरणांशी संबंध असलेल्या जगातील सर्वांत मोठ्या भूकंपांत त्याची गणना होते. खडकात ताण आधीच होता. जलाशयाचा भार आणि भेगांत झिरपलेले पाणी निमित्त झाले. म्हणून धरणे नकोत असे कोणी म्हणणार नाही. मात्र पाण्याला हात लावला की खडकाला हात लागतो, हे कोयनेने शिकवले.

माळ पडीक नाही

आणखी एका गैरसमजाबद्दल लिहायला हवे. गावाच्या कडेचा मुरमाड माळ आपण ‘पडीक’ म्हणून मोडीत काढतो. त्यातला मुरूम रस्त्यासाठी उचलतो, त्यावर कचरा टाकतो. वास्तविक काळी माती ओली झाली की फुगून बंद होते आणि पाण्याला खाली फारसे जाऊ देत नाही. विहिरींना पाणी मिळते ते बहुतांशी या मुरमाड माळातून. काळी पिकाचे पाणी राखते, माळ विहिरीचे पाणी राखतो. माळ खरवडला की विहिरीची वाट बुजली. या गवताळ माळांवर माळढोक पक्षी राहत असे. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजचे अभयारण्य झाले, पण आज तिथे माळढोक दिसणे जवळजवळ संपले आहे. सांगोल्याच्या शेतकऱ्यांनी मात्र अशाच निचऱ्याच्या हलक्या रानात, ठिबकच्या थोड्या पाण्यावर डाळिंब पिकवून दाखवले. डाळिंबावर रोग आले, बागा गेल्या, हेही खरे. तरी दगड ओळखून पीक निवडण्याची ती दिशा योग्य होती.

शाळेने काय करावे?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने एक वाट दाखवली आहे. तिथे गाव दर वर्षी पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असा नियम गावाने स्वतःला घालून घेतला आहे. यातले अवघड काम नियम पाळण्याचे. मोजण्याचे काम सोपे आहे, आणि ते शाळा करू शकते.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की भूगोलाच्या पुस्तकातला ‘अग्निजन्य खडक’ हा धडा एकदा विहिरीच्या काठावर शिकवावा. मुलांना सुरक्षित अंतरावर, कठड्यामागे उभे करून विहिरीच्या भिंतीतले थर दाखवावेत: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. त्याचे चित्र वहीत काढावे. गावातील तीन विहिरी निवडाव्यात: एक माळाजवळची, एक मधली, एक ओढ्याकाठची. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, शिक्षकांच्या देखरेखीखाली, गाठी मारलेल्या दोरीला वजन बांधून पाणी किती खोल आहे ते मोजावे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक ठेवावा. दोन्ही आकडे आलेखावर मांडून तो शाळेच्या भिंतीवर आणि चावडीत लावावा. पहिल्या वर्षी त्यातून फारसे कळणार नाही. पाच वर्षांनी गावातल्या कोणत्याही पुढाऱ्यापेक्षा तुमची शाळा पाण्याबद्दल अधिक खात्रीने बोलू शकेल.

बाराव्या शतकात, सोलापूर ज्या काळी सोन्नलगी म्हणून ओळखले जाई, तेव्हा शिवयोगी सिद्धरामांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला, अशी परंपरा आहे. तो तलाव आजही शहराच्या मध्यावर आहे. त्या काळी ना पर्जन्यमापक होता, ना भूशास्त्राचे पुस्तक. तुमच्याजवळ दोन्ही आहेत.

काळीने आपल्याला भाकरी दिली, पांढरीने घर दिले. खालच्या दगडाजवळ पाण्याची थोडीशी शिल्लक आहे, आणि ती सगळ्या गावाची आहे. तिची नोंद ठेवणारी वही गावात कुठेच नसेल, तर येत्या पहिल्या तारखेला ती तुमच्या वर्गात उघडा.